साबणाची डबी भरणारा हात

भिंतीवरची लिक्विड सोपची डबी आपण सगळेच दाबतो पण ती भरताना फार कमी लोकांनी बघितलेली असते. कधीतरी थांबून बघा. डबी छातीच्या उंचीला, तिचं झाकण वरच्या अंगाला, म्हणजे भरणाऱ्या बाईने पाच लिटरचा कॅन खांद्याच्याही वर उचलून वाकडा करायचा, आणि टाकीचं तोंड दोन बोटं जातील एवढंच. त्यात झाकण पुरतं उघडत नाही कारण वर आरशाची फ्रेम आडवी येते. मग आधी कॅनमधून मगमध्ये, मगमधून डबीत, तरी थोडं भिंतीवर ओघळतंच, ते पुसायचं, पुसलं की फेस, फेसावर पाणी, पाण्याने फरशी निसरडी, म्हणून परत फरशीला पोछा. एवढं सगळं एका डबीसाठी, आणि मजल्यावरच्या बाकीच्या डब्या अजून तशाच.

मी एका कॉलेजच्या बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो. नळ, फ्लश, ट्यूबलाइट, पंपाची मोटर, आणि त्यातच ह्या डब्या. मागे नवीन डब्या घ्यायच्या होत्या तेव्हा सप्लायर सॅम्पल घेऊन आला, चकचकीत क्रोमची डबी, ऑफिसमध्ये टेबलावर ठेवली. जो येईल तो बटण दाबून बघायचा, काय सॉफ्ट आहे म्हणायचा, एकाने फिनिशिंगचं कौतुक केलं, एकाने रेट विचारला. चहा द्यायला आलेल्या हाऊसकीपिंगच्या मावशींनी ती हातात घेतली, उलटी केली, झाकणाला नख लावून बघितलं आणि मला विचारलं, "दादा, हे भरायचं कुठून?" त्या खोलीत तेवढा एकच प्रश्न त्या वस्तूच्या पोटाबद्दल होता.

माझं म्हणणं सगळं ह्याच प्रश्नाभोवती आहे. ह्या डबीला वापरणारे दोघं असतात, एक दाबणारा आणि एक भरणारा. दाबणारा दिवसातून चार-पाच सेकंद तिच्याजवळ असतो, भरणारीचा तिच्याशी रोजचा झगडा असतो. पण डबीचा आकार ह्या दोघांपैकी कोणीच ठरवत नाही, तो ठरवतो बिल भरणारा. आणि हे आजचं नाही, ह्या वस्तूचा जन्मच तसा झालाय.

अमेरिकेत ओहायो राज्यात अ‍ॅक्रन म्हणून शहर आहे, टायरचं, रबराचं शहर. दुसऱ्या महायुद्धात पुरुष लढाईवर गेले आणि तिथल्या रबर कारखान्यांत बायका कामाला लागल्या, गोल्डी लिपमन ही त्यातलीच एक. रबराच्या कामात काजळी, ग्रॅफाइट, डांबर हे सगळं हाताला बसतं आणि साध्या साबणाने निघत नाही, म्हणून कामगार सरळ रॉकेल नाहीतर बेन्झिनने हात धुवायचे, कातडी सोलवटून निघायची. गोल्डी आणि तिचा नवरा जेरी यांनी केंट स्टेट युनिव्हर्सिटीतले केमिस्ट्रीचे प्रोफेसर क्लॅरेन्स कुक यांची मदत घेतली आणि हाताची काळी घाण काढणारी, पण हात न जाळणारी अशी क्रीम तयार केली. १९४६ साली ह्यातून गोजो ही कंपनी सुरू झाली. क्रीम गोल्डीच्या आईवडिलांच्या घरी तळघरात वॉशिंग मशीनमध्ये ढवळायचे, हॉटेलांतून जमा केलेल्या लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांत भरायचे आणि जेरी गाडीत टाकून गॅरेजवाल्यांकडे विकायला न्यायचा. मला ही दोघं फार आवडतात, कारण त्यांनी हात आधी बघितले आणि मग वस्तू केली.

पण गॅरेजवाल्यांची तक्रार यायला लागली की माल चांगला आहे पण पोरं वाट्टेल तेवढा घेतात, घरी पण नेतात, आम्हाला परवडत नाही. ह्यावर जेरी लिपमनने भिंतीवर लावायचं एक यंत्र काढलं, दाबलं की ठरलेलं माप बाहेर येणार, जास्त नाही. १९५२ साली त्याचं पेटंट मिळालं. आज जगभर बाथरूमच्या भिंतींवर जे लटकलेलं आहे त्याचं हे एक मोठं मूळ. म्हणजे माप आलं ते मालकाच्या खर्चाच्या काळजीतून, स्वच्छतेची गोष्ट नंतर जोडली गेली. ह्यात मी जेरीला अजिबात दोष देत नाही, ते माप नसतं तर गॅरेजवाल्यांनी क्रीम घेणंच बंद केलं असतं आणि कामगार परत बेन्झिनकडे गेले असते. पण एकदा हा हिशोब वस्तूच्या हाडात शिरला की तो जात नाही. डबीला कुलूप का असतं? आतलं कोणी काढून नेऊ नये म्हणून. आणि ते कुलूप कसं, तर प्लॅस्टिकची एक छोटी दोन दातांची किल्ली, कंपनीगणिक थोडी वेगळी, ती हरवते, मग मावशी स्क्रूड्रायव्हर नाहीतर चमच्याची दांडी घालून झाकण उचकटतात, मग ते झाकण नीट बसत नाही, आणि उघड्या झाकणातून आत धूळ, पाणी, सगळं.

आता आतलं यंत्र. मी कितीतरी डब्या उघडून बसलोय त्यामुळे हे जरा सविस्तर सांगतो, मला ह्यात खरंच रस आहे. बटणामागे एक छोटी पोकळी असते, एका अंगाला टाकी, दुसऱ्या अंगाला तोंड, आणि दोन्हीकडे एकेक झडप. झडप म्हणजे कधी काचेचा नाहीतर स्टीलचा छर्रा, कधी सिलिकॉनचा चिरलेला तुकडा. दाबलं की पोकळी लहान होते, टाकीकडची झडप बंद होते, तोंडाकडची उघडते, माप बाहेर. सोडलं की स्प्रिंग बटण मागे ढकलते, आता तोंडाकडची बंद, टाकीकडची उघडी, पोकळी परत भरते. एका दाबात साधारण एक ते दीड मिलिलिटर. चांगल्या पंपात अजून एक बारकावा असतो, सोडताना तो तोंडाशी राहिलेला शेवटचा थेंब आत ओढून घेतो. स्वस्त पंपात हे नसतं, मग तो थेंब लोंबतो, खाली ओट्यावर पडतो, वाळतो, त्याचा पांढरा चिकट डाग होतो. आणि भोकातला थेंब तिथंच वाळला की पुढचा दाब सरळ न येता तिरका उडतो, शर्टावर. लोक म्हणतात डबी खराब झाली. खरं तर ती फक्त न धुतलेली असते, पण ती धुता येईल अशी बनवलेलीच नसते हा मुद्दा आहे.

हवेचं पण असंच. टाकीतून लिक्विड बाहेर गेलं तर तेवढी हवा आत यायला पाहिजे, नाहीतर टाकीत निर्वात पोकळी तयार होते आणि पंप ओढूच शकत नाही. म्हणून झाकणात सुईएवढं भोक ठेवलेलं असतं. भरताना सांडलेलं लिक्विड त्याच भोकावर वाळतं आणि ते बुजतं. टाकी अर्धी भरलेली दिसते, बटण दाबलं की काहीच येत नाही, अशी तक्रार माझ्याकडे आली की मी आधी तेच भोक साफ करतो, बऱ्याचदा तेवढ्यानेच भागतं. सीलबंद पाऊचवाल्या डबीत ही भानगड नाही, पाऊच आपोआप चिपटत जातो, हवा लागतच नाही.

खरा जीव पंपात आहे हे समजायला अजून एक गोष्ट. लिक्विड सोपचं पेटंट न्यूयॉर्कच्या विल्यम शेफर्डने १८६५ सालीच घेतलं होतं, पण ते घराघरात जायला शंभरावर वर्षं लागली. मिनेसोटातल्या मिनेटोंका कंपनीच्या रॉबर्ट टेलरने १९८० साली सॉफ्टसोप नावाने पंपाच्या बाटलीतलं लिक्विड बाजारात आणलं. साबण कोणीही करू शकलं असतं, मोठ्या कंपन्यांनी महिन्यात केला असता, हे त्याला माहीत होतं. पण तसले छोटे प्लॅस्टिकचे पंप बनवणाऱ्या तेव्हा दोनच कंपन्या होत्या. टेलरने त्यांना दहा कोटी पंपांची ऑर्डर दिली, म्हणजे इतरांना पंपच मिळेनात, आणि तोवर सॉफ्टसोपने जम बसवला. १९८७ मध्ये कोलगेटने तो धंदा विकत घेतला. ती बाटली भिंतीवरची नव्हती, पण गोष्ट तीच, साबण सोपा आणि पंप अवघड.

आणि आपल्याकडे नेमकं उलटं चालतं, पंपाला न झेपणारं लिक्विड आपण त्यात घालतो. लिक्विड किती घट्ट असावं ह्यावर पंप जुळवलेला असतो. बचत गटाच्या बायका हँडवॉश, फिनेल बनवतात त्यांना विचारा, त्या सांगतील की मीठ घातलं की लिक्विड घट्ट होतं. ते खरं आहे. साबणाचे रेणू पाण्यात पुंजके करून राहतात, मीठ पडलं की ते पुंजके लांबट होत जातात आणि एकमेकांत गुंततात, म्हणून धार जड होते. पण मीठ एका हद्दीपलीकडे गेलं की ते गुंतणं मोडतं आणि लिक्विड परत पाण्यासारखं पातळ. म्हणजे घट्ट दिसलं म्हणून साबण जास्त आहे असं काही नाही, आणि पातळ झालं म्हणून साबण कमीच आहे असंही नाही. पण बहुतेक ठिकाणी पातळ होण्याचं कारण साधं असतं, पाणी मारलेलं असतं. महिन्याला ठरलेले कॅन मिळतात, ते पंधरवड्यात संपतात, वर विचारायला गेलं की "एवढं कसं लागलं" ऐकावं लागतं, मग कॅन अर्धा झाला की वरून पाणी. हे भरणारी बाई चोरीने करत नाही, तिला तेवढ्यातच महिना काढायला सांगितलेलं असतं.

पाणी मारल्यावर काय काय होतं ते एकातून एक बघा. घट्ट लिक्विडसाठी केलेली झडप पातळ लिक्विड धरू शकत नाही, ती गळायला लागते. माप तेवढंच राहतं पण त्यात साबण अर्धा, म्हणून माणूस दोनदा तीनदा दाबतो, म्हणजे वाचलं काहीच नाही. आणि सगळ्यात वाईट, लिक्विड नासू नये म्हणून त्यात जे प्रिझर्व्हेटिव्ह घातलेलं असतं तेसुद्धा पातळ होतं. मग साबणातच जंतू वाढायला लागतात.

हे बऱ्याच लोकांना खरंच वाटत नाही, साबणात कुठे जंतू वाढतात का म्हणून. वाढतात. टाकीच्या आतल्या बाजूला, कोपऱ्यात, नळीत एक बुळबुळीत थर धरतो, वरून कितीही नवीन लिक्विड ओता तो थर तिथेच राहतो आणि नवीन लिक्विडलाही लागण करतो. २०११ साली अमेरिकेत ह्यावर अभ्यास प्रसिद्ध झाले. एकात सार्वजनिक बाथरूममधल्या ओतून भरायच्या डब्या तपासल्या तर साधारण चारांतल्या एकीतलं लिक्विड प्रमाणाबाहेर दूषित निघालं. दुसरा अभ्यास एका प्राथमिक शाळेतला, तिथे अशा दूषित डबीतल्या साबणाने हात धुतल्यावर हातावरचे एका प्रकारचे जंतू धुण्याआधीपेक्षा २६ पटींनी वाढलेले होते. धुतल्यावर वाढलेले! त्याच शाळेत सीलबंद रिफिलच्या डब्या लावल्यावर धुतल्यानंतर जंतू कमी झाले. ह्या दुसऱ्या अभ्यासातले काही संशोधक गोजो कंपनीचेच होते आणि गोजो सीलबंद रिफिल विकते, हे वाचणाऱ्याने ध्यानात ठेवायला हवं. पण मूळ गोष्ट त्याआधीपासून माहीत होती. अमेरिकेच्या सीडीसी ह्या सरकारी रोगनियंत्रण संस्थेने २००२ च्या आणि जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या हात धुण्याच्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट लिहिलंय की अर्धवट रिकाम्या डबीत वरून साबण ओतू नका. धडधाकट माणसाला त्याने काही होईलच असं नाही, पण हॉस्पिटलमध्ये अशक्त पेशंटला होऊ शकतं, तिथे अशा दूषित साबणातून साथ पसरल्याची उदाहरणं आहेत.

ह्याउलट ज्या साबणाच्या वडीला आपण उष्टी, घाण म्हणून नाकं मुरडतो तिच्यावर १९८८ साली प्रयोग झाला, वडीवर मुद्दाम जंतू लावून लोकांना हात धुवायला दिले, धुतलेल्या हातांवर ते जंतू सापडण्याएवढे आले नाहीत. वडीवरची घाण वर असते, पाण्याने वाहून जाते. डबीतली घाण आत असते आणि दिसत नाही. फ्रान्समध्ये शाळांतून भिंतीला क्रोमच्या दांडीवर खोचलेला पिवळा लंबगोल साबण असायचा, ओल्या हातांनी तो फिरवायचा. त्यात पंप नाही, टाकी नाही, भोक नाही, आणि संपला की जुन्याच्या जागी नवा खोचायचा. भरणाऱ्याच्या बाजूने बघितलं तर मला ते डिझाइन फार सरस वाटतं.

आता सूचना काय सांगतात, टाकी रिकामी करा, धुवा, पूर्ण वाळवा, मग भरा. बरोबर आहे. पण भिंतीला चार स्क्रू मारून बसवलेली टाकी धुवायची कशी? ती निघत नाही. तिच्यात पाणी ओतायचं आणि बटण दाबत बसायचं पाणी संपेपर्यंत, एका दाबाला दीड मिलिलिटरने! आणि वाळवायची कशी, तोपर्यंत मुलांनी हात कशाने धुवायचे? सूचना लिहिणाऱ्याने डबी बघितलेली नसते आणि डबी बनवणाऱ्याने सूचना वाचलेली नसते, आणि दोघांच्या मधे मावशी उभ्या असतात. वर कोणी तपासायला आलं तर "टाकी अशी बुळबुळीत का" हे पण त्यांनाच विचारलं जातं. ह्याचा मला राग येतो.

जागेचं पण बोलायला पाहिजे. डबी बेसिनच्या बरोबर वर असावी, म्हणजे गळलेला थेंब बेसिनमध्ये पडेल, हे कोणालाही सुचतं. तरी ती कायम बाजूला, ओट्याच्या टोकाला, नाहीतर दाराजवळ का असते? कारण नळाच्या वरच्या रेषेत टाइल्सच्या आत कन्सील पाइप गेलेला असतो, तो नेमका कुठून गेलाय हे काम संपल्यावर कोणालाच सांगता येत नाही, आणि ड्रिल मारून पाइप फुटला तर अख्खी भिंत फोडायची वेळ. म्हणून मिस्त्री सुरक्षित जागा बघून गिट्ट्या ठोकतो. मग ओला साबणाचा हात तिथून बेसिनपर्यंत येताना खाली गळत येतो आणि तेवढ्या पट्ट्यात फरशी कायम चिकट. ह्याचा उपाय डबीत नाही, तो प्लास्टर व्हायच्या आधी भिंतीचा मोबाइलवर फोटो काढून ठेवण्यात आहे, बाजूला टेप धरून. मी आता कुठल्याही नवीन कामात हे करायलाच लावतो.

दाबणाऱ्याच्या बाजूने थोडक्यात सांगतो कारण त्याच्यावर बऱ्यापैकी विचार झालाय. अमेरिकेतल्या अपंगांसाठीच्या नियमांत अशा वस्तूचं बटण जमिनीपासून जास्तीत जास्त ४८ इंचांवर, एका हाताने, मूठ न आवळता, मनगट न पिरगळता चालणारं हवं आणि त्याला पाच पौंडांपेक्षा म्हणजे साधारण सव्वादोन किलोपेक्षा जास्त जोर लागता कामा नये. मी सोपी परीक्षा करतो, बंद मुठीने दाबून बघायचं. मुठीने चालली तर सांधे सुजलेल्या माणसालाही चालेल, लहान मुलालाही.

सेन्सरवाल्या डब्यांनी हे दाबणंच काढून टाकलं. आत एक दिवा न दिसणारा इन्फ्रारेड प्रकाश सोडतो, हातावरून तो परत आला की मोटर फिरते. किती प्रकाश परत आला म्हणजे हात समजायचा ही हद्द मात्र बनवणाऱ्याने ठरवलेली असते. २०१७ मध्ये फेसबुकमध्ये काम करणाऱ्या चुक्वुएमेका अफिग्बो यांनी एक व्हिडिओ टाकला होता, गोरा हात खाली धरला की साबण येतो, काळ्या माणसाचा हात धरला की येत नाही, आणि त्याच काळ्या हातात पांढरा कागदी रुमाल धरला की येतो. ती हद्द ठरवताना कुणाकुणाचे हात खाली धरून बघितले असतील हे त्या व्हिडिओत सरळ दिसतं. आमच्याकडे सेन्सरच्या डब्या घ्यायचा विषय निघाला तेव्हा मी नको म्हणालो, त्यातलं एक कारण हे, आणि दुसरं कारण सेल. भरणाऱ्या बाईला लिक्विडबरोबर आता सेलचाही हिशोब ठेवायचा, आणि सेल संपला की भरलेली डबी असूनही साबण नाही.

मला सगळ्यात जास्त शिकवलं ते दोन साध्या वस्तूंनी. एक म्हणजे रस्त्याकडेच्या खानावळीतली बाटली. पाण्याची रिकामी बाटली, झाकणाला तापवलेल्या खिळ्याने पाडलेलं भोक, आत भांड्यांचं लिक्विड पाणी घालून, दाबली की धार. तांबड्या रश्शाचं तेल आणि हळद हाताला चिकटली की त्याच बाटलीने निघते. तिचे दोष मला कळतात, खरकट्या हातानेच धरावी लागते, घरंगळते, आणि पाणी घातलेलं लिक्विड फार दिवस ठेवण्यासारखं नसतं. पण आत किती उरलंय ते लांबून दिसतं, भरायला झाकण फिरवलं की झालं, आणि खराब झाली की बाटलीच बदलते, तिच्यात बुळबुळीत थर वर्षानुवर्षं बसून राहत नाही. ती ज्याने केली त्याने दोन्ही कामं स्वतःच केलेली असतात, दाबायचंही आणि भरायचंही, म्हणून तिच्यात दोघांची सोय आहे.

दुसरी वस्तू २०२० च्या लॉकडाऊनमधली. तेव्हा गावोगावच्या फॅब्रिकेशनवाल्यांनी पायाने दाबायचे सॅनिटायझर स्टँड केले होते, चौकोनी पाइप, खाली पेडल, आत सळई, वर एक कडी जी बाटलीचा पंप खाली ओढते. बँकेत, देवळात, सोसायटीच्या गेटवर, सगळीकडे. लोकांना त्यातलं पेडल आठवतं. मला आठवते बाटली. त्या स्टँडमध्ये स्वतःची टाकी नव्हती, दुकानात मिळणारी पंपाची बाटली तशीच ठेवायची, संपली की काढून दुसरी. ओतणं नाही, सांडणं नाही, आत कधी न धुतलेली टाकी नाही.

जर्मनीतल्या हॉस्पिटलांत हे अनेक वर्षं चाललंय. तिथे भिंतीला फक्त एक उघडी फ्रेम असते, लांब दांडी, ती डॉक्टर कोपराने दाबतो, आणि फ्रेममध्ये अर्ध्या किंवा एक लिटरची ठरलेल्या मापाची बाटली सरळ उभी. माप ठरलेलं असल्यामुळे एका कंपनीच्या फ्रेममध्ये दुसऱ्या कंपनीची बाटली बसते. काही प्रकारांत पंप पण सुटा काढून उकळत्या वाफेत निर्जंतुक करता येतो. आपल्याकडे जी सीलबंद पाऊचची डबी विकायला येते तिच्यात मात्र पाऊच त्याच कंपनीचाच बसतो, दुसरा बसू नये म्हणून तोंडाला मुद्दाम वेगळी खाच दिलेली असते, डबी जवळजवळ फुकट आणि मग जन्मभर पाऊच त्यांचाच. स्वच्छतेसाठी सीलबंद हवं हे मला मान्य आहे, पण त्या नावाखाली गिऱ्हाईक बांधून घेणं मान्य नाही, आणि शाळा-कॉलेजांना ते परवडतही नाही, आणि मग तिसऱ्या महिन्यात कोणीतरी रिकामा पाऊच कापून त्यातच कॅनमधलं लिक्विड भरतं.

म्हणून सध्या आम्ही एक करून बघतोय. हँडवॉशच्या पंपांचं तोंड बहुतेक २८ मिलिमीटरच्या आट्यांचं असतं, आणि तेवढ्या तोंडाच्या अर्ध्या लिटरच्या रिकाम्या बाटल्या होलसेलमध्ये स्वस्त मिळतात. गावातल्याच फॅब्रिकेटरकडून स्टीलच्या पट्टीची फ्रेम वाकवून घेतली, तिच्यात बाटली उभी राहते आणि वरून एक दांडी पंप दाबते. बाटल्या दुप्पट घेतल्यात. रिकामी झाली की मावशी भरलेली ठेवतात आणि रिकामी खाली घेऊन जातात, तिथे पंपासकट धुऊन, उलट्या टांगून वाळवून, नळाच्या उंचीला टेबलावर ठेवून नरसाळ्याने भरतात. खांद्यावर कॅन उचलायचा नाही. बाटलीवर आडवी रेघ मारायची सूचना त्यांचीच, शनिवारी लिक्विड रेघेच्या खाली असेल तर सोमवारपर्यंत पुरणार नाही, तेव्हाच बदलायची. पाणी मारायचं नाही हे मी ऑफिसकडून लेखी घेतलंय आणि कॅन वाढवून घेतलेत.

अडचणी आहेतच. पहिल्या दांडीला जोर फार लागत होता, मुठीने दाबली जात नव्हती, तिचा टेकू पुढे सरकवून घेतला. पंपाची नळी तळापर्यंत पोचत नाही, खाली थोडं लिक्विड उरतं, त्यासाठी लांब नळीचे पंप मागवलेत. आणि ऑफिसला अजून कुलूप हवंय, बाटल्या जातील म्हणून. मी सांगितलंय की फ्रेमला पुढून एक आडवी कडी लावू, पण तिला किल्ली नको, अंगठ्याने वर सरकवता आली पाहिजे, ओल्या हाताने पण. त्यावर अजून चर्चा चालू आहे. फॅब्रिकेटर म्हणाला कडी अर्ध्या दिवसात करून देतो, फक्त मावशींना एकदा वर्कशॉपवर घेऊन या, हात कुठपर्यंत पोचतो ते बघून भोक मारतो.